अलगीकरण की विलगीकरण?

पानपूरक: नव्या श्वसनविषाणूची साथ कशी आटोक्यात आणतात यावरची पुस्तिका मराठीत करतेय. क्वारंटाईन आणि आयसोलेशन, दोन्हींना 'विलगीकरण' लिहीत गेले आणि हे वाक्य जन्माला आलं: "विलगीकरणात असताना लक्षणे दिसल्यास विलगीकरण करावे." संपादकांनी समासात नुसतं भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलंय. काय करू?

जुनी वही: संपर्कात आलेला पण धडधाकट, तो अलगीकरणात. आजारी, तो विलगीकरणात. 2020 मध्ये मी हेच पाठ केलं होतं.

तिरकस: म्हणजे 'अ' ठणठणीत आणि 'वि' तापलेला? आम्ही सरळ "त्याला क्वारंटाईन केलाय" म्हणायचो. सगळ्यांना कळायचं.

शुद्धमती: कळतं म्हणून काहीही चालवायचं का? 'अलग' हिंदी वळणाचा वाटतो. 'विलग' अस्सल संस्कृत, तोच घ्या.

अनुस्वार: अस्सल संस्कृतात 'विलग्न' म्हणजे चिकटलेला! धातू 'लग्'. लागण त्यातलीच, लग्नही त्यातलंच.

तिरकस: लग्न झाल्यावर विलगीकरण कठीणच. असो. क्वारंटाईन म्हणजे मुळात चाळीस दिवस, मग 'चाळिशी' म्हणा की.

जुनी वही: चाळिशी नाकावर असते हो. शिवाय 1377 मध्ये रगुसा बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीसच दिवस बाहेर थांबवलं होतं. चाळीस नंतर झाले.

रात्रपाळी: मी वॉर्डात काम केलंय, म्हणून सांगते, हा फरक शब्दांचा खेळ नाही. 2003 चा सार्स मुख्यतः आजार बळावल्यावर पसरायचा. रुग्ण शोधून बाजूला काढले की साखळी तुटायची. कोविडचा विषाणू लक्षणं दिसण्याआधीच पुढच्याला गाठायचा. म्हणून तर ठणठणीत दिसणाऱ्यांनाही 14 दिवस थांबवावं लागलं. एकच शब्द ठेवलात तर ही गोष्टच पुसली जाईल.

शुद्धमती: पटलं. पण पुस्तिकेत 'बाधित' नको. बाधा भुताची होते.

अनुस्वार: आणि विषबाधा? 'विषाणू'तही विषच आहे. लॅटिन 'व्हायरस' म्हणजे विष, आणि तो शब्द आपल्या 'विष'चा सख्खा भाऊ. म्हणून हा शब्द मला फार आवडतो.

जुनी वही: मला 'महामारी' खटकतो. पॅन्डेमिक म्हणजे फैलाव जगभर, मरणं किती हा प्रश्न वेगळा. 2009 च्या स्वाइन फ्लूला जागतिक आरोग्य संघटनेने 11 जूनला पॅन्डेमिक म्हटलं, तेव्हा बहुतेक रुग्ण सौम्य होते. 'महासाथ' बरा.

तिरकस: महासाथ म्हणजे मोठी सोबत वाटते. "तुझी महासाथ हवी."

पानपूरक: लोकहो, माझं वाक्य?

शुद्धमती: 'साथ' मात्र हिंदी नव्हे हं, 'सार्थ'वरून आलाय, व्यापाऱ्यांचा तांडा.

रात्रपाळी: तांड्याबरोबर रोगही गावोगाव फिरायचा, तेही खरंच.