आजोळच्या तबकड्यांत कोल्हापूरचे गाणे कुठे शोधावे?

पेठकर:

सर्व जाणकारांना नमस्कार. शिवाजी पेठेतले आमचे आजोळचे घर लवकरच पाडून नव्याने बांधले जाणार आहे आणि माळ्यावरून उतरवलेल्या सामानातल्या, ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांनी भरलेल्या दोन लाकडी पेट्या माझ्या वाट्याला आल्या आहेत. त्यांत बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर आणि जुनी चित्रपटगीते भरपूर आहेत. शास्त्रीय गायनाच्या तबकड्या मात्र मोजक्याच असून त्यांच्या लेबलांवर केसरबाई केरकर, अब्दुल करीम खाँ आणि मल्लिकार्जुन मन्सूर ही नावे वाचता येतात. काही लेबले वाळवीने पार खाल्ली आहेत.

आजोबा देवल क्लब या इथल्या जुन्या संगीतसंस्थेच्या बैठकींना नेमाने जात आणि अल्लादिया खाँसाहेबांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावत. असे असूनही खाँसाहेबांची एकही तबकडी या पेट्यांत नाही, याचे मला नवल वाटते. ज्या गाण्यासाठी कोल्हापूरचे नाव देशभर घेतले जाते, ते या ढिगाऱ्यात नेमके कोणाच्या गळ्यातून ऐकावे? आणि या तबकड्यांना धक्का न लावता त्या स्वच्छ कशा कराव्यात व वाजवाव्यात? मामेभावाने भंगारवाल्याला बोलावून भावही विचारून ठेवला आहे, म्हणून जरा घाईने लिहीत आहे.

जुना श्रोता:

पेठकर, भंगारवाल्याला आधी परत पाठवा. बाकीचे सावकाश बोलू.

खाँसाहेबांची तबकडी तुमच्याकडे नाही यात आजोबांचा काही दोष नाही, कारण अशी तबकडी बाजारात कधी आलीच नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली त्यांना दरबारगायक म्हणून कोल्हापुरात आणले, महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे १९२२ नंतर, ते मुंबईला गेले आणि १९४६ साली तिथेच वारले. याच काळात, १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले, १९०८ साली तिथल्याच सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला आणि गावोगावच्या चहाच्या दुकानांत कर्णे वाजू लागले, तरीही जयपूर-अत्रौली गायकीचा हा प्रवर्तक त्या यंत्रापासून दूरच राहिला. आपली विद्या अशी पैशाला तबकडी या भावाने घरोघरी जाईल आणि कोणीही ती उचलेल, ही भीती त्या पिढीतल्या अनेक गवयांना होती. शिवाय या गायकीची घडणच अशी की मध्यविलंबित त्रितालात, आकाराने, एका श्वासात आवर्तनाची, म्हणजे तालाच्या पूर्ण फेरीची, लांबच लांब वाट चालून समेवर, म्हणजे तिच्या पहिल्या मात्रेवर, यायचे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात हे कसे बसवायचे?

ते कसे बसवले गेले, हे ऐकायचे असेल तर केसरबाईंची तबकडी सर्वांत आधी काढा. त्यांनी विलंबिताचा हट्ट सोडला, पण गायकी सोडली नाही. चीज (बंदिश) मांडून होते न होते तोच तान सुरू होते. ती सरळ चढत-उतरत नाही, दोन पावले पुढे, एक बाजूला अशी वळत जाते आणि आता सम हुकली असे वाटत असतानाच अगदी नेमकी मुखड्यावर, म्हणजे चिजेच्या सुरुवातीच्या ओळीवर, येऊन उतरते. ललिता गौरी किंवा नट कामोद यांच्यापैकी काही तुमच्याकडे निघाले, तर दोन रागांचा सांधा कुठे आहे ते शोधत पुन्हा पुन्हा ऐका. जोडरागांचे हे वैभव खाँसाहेबांचेच आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर त्यांची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी आहे आणि आता बहुतेकांना केसरबाई तेवढ्यापुरत्याच ठाऊक असतात. भैरवी सुंदरच आहे, पण घराण्याची ओळख तिच्यावरून करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मन्सूरांच्या तबकडीबाबत मात्र सावध राहा. त्यांचे पहिले शिक्षण मिरजेला नीलकंठबुवांकडे, ग्वाल्हेर पद्धतीचे. सुरुवातीच्या तबकड्या त्या तालमीच्या आहेत. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्याकडे ते त्यानंतर शिकू लागले आणि १९३७ साली मंजीखाँ गेल्यावर त्यांचे धाकटे बंधू भूर्जीखाँ, जे कोल्हापुरातच राहात असत, त्यांच्याकडे ती तालीम पुढे चालू राहिली. त्यामुळे आपण ज्यांना जयपूर घराण्याचे मन्सूर म्हणून ओळखतो, ते पुढच्या काळातल्या एलपींवर, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांवर, भेटतात. तुमच्या पेटीत बहुधा त्यांच्या आधीचा, चपळ गळ्याचा, ग्वाल्हेरचा तरुण असेल. दोन्ही एकापाठोपाठ ऐकायला मिळाले तर एक गायक गुरू बदलल्यावर काय टाकतो आणि काय राखून ठेवतो, हे कानांनी समजते. असा योग पुस्तकातून येत नाही.

आणि बालगंधर्वांच्या तबकड्या ‘फक्त नाटकातली पदे’ म्हणून बाजूला ठेवू नका. भास्करबुवा बखले हे अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्य, आणि १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’ला चाली त्यांच्याच. त्या पदांतल्या हरकती नीट ऐकल्या की खाँसाहेबांच्या शिकवणुकीचा एक झरा रंगभूमीच्या मागच्या दाराने घराघरांत शिरलेला दिसतो. ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे तर आपल्या कोल्हापूरचेच.

मिरजकर:

वरचे विवेचन माहितीपूर्ण आहे, पण कोल्हापूरचे गाणे म्हणजे केवळ जयपूर घराणे, असा जो सूर त्यात लागला आहे तो मला मान्य नाही. केसरबाई स्वतः लहानपणी काही महिने कोल्हापुरात राहून किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. हिराबाई या करीम खाँसाहेबांच्याच कन्या, जन्म मिरजेचा. पन्नासेक किलोमीटरच्या टापूत किराणा, ग्वाल्हेर आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची मंडळी एकमेकांच्या बैठकींना जाऊन बसत होती, आणि पेठकरांच्या आजोबांसारखा श्रोता घराण्याचा शिक्का पाहून तबकडी विकत घेत नव्हता. जे आवडले ते घरी आणत होता. त्यांच्या पेटीत सगळे एकत्र नांदते आहे, ते म्हणूनच.

पेठकर, तुमच्याकडची अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ओडियन कंपनीची असेल तर ती फार जपा. निधनाच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी या कंपनीसाठी जे गाऊन ठेवले, त्यातली झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ आणि भैरवीतली ‘जमुना के तीर’ ऐकून कित्येक जण गाण्याकडे वळले. जयपूरवाल्यांना तीन मिनिटे अपुरी पडली, हे खरेच. करीम खाँसाहेबांना मात्र एक स्वर लावायला तेवढा वेळ पुरेसा होता. ते स्वराला इतक्या हलक्या हाताने स्पर्श करतात की तबकडीची खरखर मधे येत असूनही ती ऐकू येईनाशी होते.

शाहूपुरी:

गाण्यातले मला फारसे कळत नाही, परंतु २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले तेव्हा वडिलांच्या तबकड्या त्यात सापडल्या होत्या, म्हणून स्वच्छतेविषयी अनुभवाने लिहितो.

या तबकड्या लाखेच्या आहेत; लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून त्या दाबून काढलेल्या असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तेव्हा सॅनिटायझर, स्पिरिट, काच पुसण्याचे द्रावण यांपैकी काहीही लावू नका, अगदी कापसाच्या बोळ्यानेही नाही. बाजारात मिळणारी तबकड्या पुसण्याची काही द्रावणेही एलपीसाठी असतात आणि त्यांत अल्कोहोल असते, हे बाटलीवर वाचून घ्या. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एखादा थेंब टाकावा, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल, हात फिरवावा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवावे आणि मऊ सुती कापडाने टिपून सावलीत उभे करून वाळवावे. लेबल भिजू देऊ नये. आमच्याकडे लेबलेच सुटून पाण्यावर तरंगत होती आणि कोणते लेबल कोणत्या तबकडीचे हे लावता येईना, तेव्हा उपयोगी पडला तो लेबलाच्या कडेलगत तबकडीवरच दाबून उमटवलेला क्रमांक. वाळवीने खाल्लेल्या तुमच्या तबकड्यांवरही तो असेल. टॉर्चचा उजेड तिरपा धरला की वाचता येतो.

पुरातला गाळ खाचांत वाळल्यावर मात्र काहीच करता येत नाही, सुई दोन-तीन फेऱ्यांत निकामी होते. तुमच्या पेट्या माळ्यावर होत्या, हे नशीबच. आता त्या आडव्या रचून ठेवू नका, खालच्या तबकड्यांना वजनाने तडे जातात. उभ्या ठेवा, प्रत्येकीला कागदी पाकीट घाला आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी आठवड्याभरात धरते.

पेठकर:

सर्वांचे मनापासून आभार. भंगारवाला गेला, मामेभाऊ थोडा नाराज आहे, पण त्याचे पाहता येईल. काल एका स्नेह्यांच्या घरी चावीच्या ग्रामोफोनवर करीम खाँसाहेबांची तबकडी लावून पाहिली. आवाज आला, परंतु पट्टी फारच उंच वाटली, जवळजवळ बालकाच्या आवाजासारखी. खाँसाहेब खरोखरच एवढ्या वरच्या पट्टीत गात होते काय?

जुना श्रोता:

चावीच्या ग्रामोफोनवर पुन्हा लावू नका, एवढे कृपा करून ऐका. त्याच्या साउंडबॉक्सचे सगळे वजन एका पोलादी सुईवर येते, ती सुई दर बाजूला बदलावी लागते आणि बदलली तरी प्रत्येक वेळी खाच थोडी खरवडली जातेच. ७८ गती असलेला विजेचा टर्नटेबल आणि त्याला तीन मिलची, म्हणजे इंचाच्या तीन सहस्रांश जाडीची सुई घ्या. एलपीची बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाशी घसरत राहते. खरखर वाढते आणि गाणे दबते.

खाँसाहेबांची पट्टी उंच होतीच, पण तुम्ही ऐकलेली सगळी उंची त्यांची नसावी. जुन्या ग्रामोफोनची गती आतल्या नियंत्रकावर (गव्हर्नरवर) अवलंबून असते आणि वर्षानुवर्षे तेल न घातलेल्या यंत्रात तो हटकून चुकीची गती देतो. तशातच ७८ हा आकडा सर्व कंपन्यांनी सर्व काळ काटेकोर पाळला, असेही नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतली ध्वनिमुद्रणे तर बरीच संथ गतीची आढळतात. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने फिरवली, तर षड्ज जवळजवळ एका अर्धस्वराने वर चढतो, म्हणजे हार्मोनियमच्या काळी एक पट्टीचा गायक तिच्या पुढच्या पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो आणि तान उगाचच जास्त द्रुत भासते. म्हणून गती थोडी कमी-जास्त करता येईल असे यंत्र पाहा आणि साथीची हार्मोनियम कानाला लावून तिच्या एखाद्या पट्टीशी षड्ज जुळतो का, ते तपासा. त्या काळातल्या तबकड्यांत हार्मोनियम जवळजवळ असतेच. तिचा गायनाला काय उपयोग झाला यावर वाद घालता येईल, पण संग्राहकाला ती फार कामाची आहे.

मिरजकर:

हार्मोनियमच्या उपयोगावरचा वाद आपण वेगळा घालू. संगणकावर उतरवून घेताना मूळ ध्वनीची एक प्रत काहीही न पुसता ठेवावी, कारण खरखर काढणारी सॉफ्टवेअरे तंबोऱ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नादही, काढून टाकतात. हक्कांबाबत सांगायचे तर आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, तेव्हा आजोबांच्या काळातल्या यातल्या बहुतेक तबकड्या त्यातून मोकळ्या झालेल्या असतील. नाट्यपदांच्या शब्दांसाठी मात्र कवीच्या निधनापासून साठ वर्षे धरावी लागतात.

आता असे करा: केसरबाई, करीम खाँसाहेब आणि मन्सूर यांच्या तबकड्यांचे कंपनीचे नाव, लेबलाचा रंग, लेबलावरचा क्रमांक आणि शाहूपुरीकरांनी सांगितलेला कडेचा क्रमांक, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे, इथे लिहा. वाळवी लागलेल्यांचा नुसता कडेचा क्रमांकही चालेल. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींकडे जुन्या याद्या आहेत. जुळवून पाहायला त्यांना विचारता येईल.