शेवटी 'साइड' असलेले इंग्रजी शब्द: कापणारे कोणते, पडणारे कोणते?

यवतमाळकडचे एक शेतकरी विचारतात:
गुरुजी, पोरगी अकरावीले हाय. औषधाच्या डब्यायवरचे लांबलांब इंग्रजी शब्द तिनं वहीत उतरवले. इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड, वीडिसाइड, रोडेन्टिसाइड, निमॅटिसाइड. साऱ्याईच्या शेवटी तेच अक्षरं हायेत. मले वाटे का हे 'साइड' म्हणजे बाजू, रस्त्याची साइड असते तशी. पोरगी म्हणते स्पेलिंग येगळं हाय. मंग याचा अर्थ काय?

उत्तर:
भाऊ, पोरीचं म्हणणं बरोबर आहे. बाजूवाली 'साइड' एस अक्षराने सुरू होते आणि तो इंग्रजीचा जुना घरचा शब्द आहे. डब्यावरची 'साइड' सी, आय, डी, ई अशी लिहितात. ती लॅटिनमधल्या 'कैदेरे' या क्रियापदावरून आली. अर्थ कापणे, ठार मारणे. म्हणजे आपलं 'नाशक'.

शेवट सगळीकडे तोच, त्यामुळे खरी माहिती पुढच्या अर्ध्या भागात असते. फंगस म्हणजे बुरशी, हर्बा म्हणजे गवत-वनस्पती, रोडेन्ट म्हणजे कुरतडणारा (उंदीर, घूस), आणि 'निमा' हा ग्रीक शब्द म्हणजे दोरा. मुळांना गाठी आणणारी सूत्रकृमी दोऱ्यासारखी बारीक असते म्हणून निमॅटिसाइड. हर्बिसाइड आणि वीडिसाइड दोन्ही तणनाशकंच. वीडिसाइड मात्र जोडकामाचा शब्द आहे, 'वीड' अस्सल इंग्रजी आणि शेपूट लॅटिनचं. आपल्या 'गैरसमज' शब्दात 'गैर' अरबी आणि 'समज' इकडची, तसंच.

'इन्सेक्ट' हा शब्द स्वतःच फार सुंदर आहे. त्याचा मूळ अर्थ 'कापे पडलेला'. किड्याचं शरीर डोकं, वक्ष आणि पोट अशा खाचा पाडलेल्या तीन भागांत दिसतं, म्हणून ग्रीकांनी त्याला तसं नाव दिलं आणि लॅटिनने त्याचा शब्दशः अनुवाद केला. इथलं कापणं 'सेकारे' या वेगळ्या क्रियापदाचं आहे. म्हणजे इन्सेक्टिसाइड या एकाच शब्दात दोनदा कापाकापी आहे, दोन वेगळ्या धातूंनी.

याच्याच शेजारी एक शब्द पोरीच्या वहीत हवा: अॅकॅरिसाइड. लाल कोळीला आपण कीड म्हणतो, पण तिला आठ पाय असतात आणि शास्त्राच्या हिशेबात ती 'इन्सेक्ट' नाही. कित्येक कीटकनाशकं तिच्यावर चालत नाहीत, म्हणून कोळीनाशकाला वेगळं नाव.

पुढचा अर्धा शब्द न वाचता डबा उचलला तर काय होतं हे पऱ्हाटीवाल्याला सांगायला नको. टू-फोर-डी हे रुंद पानाच्या तणाचं औषध. पऱ्हाटीही रुंद पानाची, आणि या औषधापुढे फारच नाजूक. तणनाशकाचा पंप नीट न धुता त्यातच कीटकनाशक भरलं तरी पऱ्हाटीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरत, आकसत जातात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर तरी प्रत्येक शाळेत इंग्रजीच्या तासाला या डब्यांवरचे शब्द शिकवायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं.

वर्ध्याच्या एक ताई:
सर, मग 'डिसाइड' मध्ये कोण कोणाला मारतं? आणि 'कोइन्साइड', 'अॅक्सिडेंट', 'इन्सिडेंट' यांतही तीच अक्षरं आहेत.

उत्तर:
ताई, इथेच गंमत आहे. डिसाइड त्याच 'कैदेरे'चा. कापून टाकणे, म्हणजे वादाचा निकाल लावणे. आपल्याकडे जुनी माणसं तंटा 'तोडतात', अगदी तीच कल्पना. प्रिसाइज, कन्साइज, ऑपरेशनची चीर म्हणजे इन्सिजन, हे सगळे याच घरचे.

पण कोइन्साइड, अॅक्सिडेंट, इन्सिडेंट यांचं घर वेगळं. ते 'कादेरे' म्हणजे पडणे या क्रियापदाचे. अॅक्सिडेंट म्हणजे अंगावर येऊन पडलेलं, इन्सिडेंट म्हणजे घडून आलेलं, कोइन्साइड म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी येऊन पडणं. लॅटिनमध्ये उपसर्ग लागला की दोन्ही क्रियापदं जवळजवळ सारखी होतात. कापण्याचं 'देकीदेरे', पडण्याचं 'देकिदेरे'. फरक फक्त दीर्घ आणि ऱ्हस्व वेलांटीचा! आपल्याकडे दिन आणि दीन मध्ये असतो तेवढाच. इंग्रजी स्पेलिंगने ती वेलांटी पुसून टाकली आणि दोन घरांची लेकरं एकाच अंगणात आली.

या ऱ्हस्व 'देकिदेरे'चा शब्द तर आपल्या दारातच उभा आहे: डेसिड्युअस, म्हणजे पानझडी. ताडोब्याचं सागवानाचं जंगल भूगोलाच्या पुस्तकात या नावाने येतं. डिसाइड आणि डेसिड्युअस यांची पहिली पाच अक्षरं सारखी, पण एक कापतो आणि दुसऱ्याची पानं आपोआप गळतात. उच्चारावरून घर ओळखायला जाऊ नका. 'कोइन्साइड' ऐकायला 'डिसाइड'सारखा वाटतो आणि तरी तो पडणाऱ्यांतला आहे. 'अॅसिड' तिसराच, मूळ अर्थ आंबट.

एक विद्यार्थिनी:
जेनोसाइड म्हणजे नरसंहार, असं शिकलो. पण इन्सेक्टिसाइड म्हणजे तर औषध. एकाच शेपटाचे दोन अर्थ कसे?

उत्तर:
बेटा, लॅटिनमध्ये ही शेपटं दोन होती. '-किदा' म्हणजे मारणारा, '-किदिउम' म्हणजे मारण्याची क्रिया. इंग्रजीत दोन्हींचं '-साइड' झालं. कीटकनाशक हा मारणारा. जेनोसाइड, सुइसाइड ही क्रिया. होमिसाइड हा शब्द तर खुनालाही लागतो आणि खुन्यालाही. मराठीने हा फरक सांभाळला आहे: क्रियेला 'हत्या', करणाऱ्याला 'नाशक' किंवा 'घ्न'. कृतघ्न, शत्रुघ्न, कृमिघ्न यांतला 'घ्न' आणि हत्येतला 'ह' एकाच 'हन्' धातूचे. जेनोसाइड मात्र जुना शब्द नाही. राफाएल लेम्किन या कायदेपंडिताने 1944 साली ग्रीक 'गेनोस' म्हणजे वंश आणि हे लॅटिन शेपूट जोडून तो घडवला, आणि 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याच नावाचा करार केला.

एक कृषी केंद्रवाले:
सर, आमच्या लायसनवर नुसतं 'इन्सेक्टिसाइड' लिवलेलं राहते. पण आमी तननाशक बी इकतो, बुरशीचं बी. हे कसं?

उत्तर:
दादा, ती कायद्याची भाषा. 1968 च्या कीटकनाशक कायद्यातल्या व्याख्येत बुरशीनाशकं आणि तणनाशकंही येतात. शब्दकोशातला इन्सेक्टिसाइड फक्त किडे मारतो, कायद्यातला बुरशी आणि तणही मारतो. कोशाच्या अर्थाने तुमच्या लायसनवर 'पेस्टिसाइड' हा शब्द जास्त शोभला असता; 'पेस्ट' लॅटिन 'पेस्टिस' म्हणजे रोगराईवरून आला आणि त्यात उपद्रव देणारं सगळंच मावतं.