गुजरीतल्या दुकानाचा पीसी: विंडोज ११ घालावं का?

गुजरीकर: आय५-८४००, ८ जीबी रॅम, विंडोज १०. मायक्रोसॉफ्टचं तपासणी ॲप पीसी हेल्थ चेक 'टीपीएम २.० नाही' (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) म्हणतंय. पावत्या जुन्या डॉट मॅट्रिक्सवर निघतात. अपग्रेड करू की पीसीच बदलू?

शाहूपुरीकर: पीसी अजिबात बदलू नका. आठव्या पिढीचा प्रोसेसर चालतो. टीपीएम बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद असणार. तिथं 'इंटेल पीटीटी' (इंटेलचं अंगभूत टीपीएम) एनेबल करा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, रेंगाळू नका.

राजारामपुरीकर: डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची, म्हणजे एमबीआर आहे का बघा; विंडोज ११ ला नवी जीपीटी मांडणी लागते. एमबीआर असेल तर बॅकअप घेऊन विंडोजमधलं 'एमबीआर-टू-जीपीटी' हे बदलाचं टूल चालवा. डी, ई ड्राइव्ह लॉजिकल पार्टिशन (एका मोठ्या भागात पाडलेले पोटभाग) असतील तर ते तिथंच अडतं. जमलं की लगेच बायोसमधला बूट मोड लेगसीवरून (जुना) यूईएफआयवर (नवा) करा. हे राहिलं की पीसी बूट होत नाही आणि लोक घाबरून फॉरमॅट मारतात.

उद्यमनगरवाला: खरी गोम प्रिंटरची आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट. तुमचं विंडोज १० ३२-बिट असेल तर क्लीन इन्स्टॉलच (सगळं पुसून नव्यानं घालणं), आणि प्रिंटर चालवणारा जुना ड्रायव्हर बाद. ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघा. थेट अपग्रेड जमलं तर त्याच दिवशी पावती काढून बघा. १० दिवसांत सेटिंगमधल्या 'रिकव्हरी'तून विंडोज १० वर मागं येता येतं, तोवर डिस्क क्लीनअप नको, त्यात जुन्या विंडोजच्या फाइल पुसल्या जाऊ शकतात.