‘डिमरेज’ला मराठीत काय लिहू? डिटेंशन म्हणजे तेच का?

अनुवादिका_नाशिक: नमस्कार मंडळी. द्राक्ष उत्पादकांच्या एका कंपनीचा निर्यात करार मराठीत आणतेय. एकाच कलमात ‘डिमरेज’, ‘डिटेंशन’ आणि ‘ग्राउंड रेंट’ शेजारी शेजारी बसलेत. शब्दकोश पहिल्याला ‘विलंबशुल्क’ म्हणतो. मग बाकीच्या दोघांचं काय करू? वाचणारे सगळे शेतकरी सभासद आहेत.

जुना_धक्केवाला: ताई, नुसतं ‘विलंबशुल्क’ लिहिलंत तर सभासदांना वीजबिल उशिरा भरल्याचा दंड आठवेल. माझी उमर न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या कामात गेली. तिथे हमालापासून शेठपर्यंत सगळे ‘डॅमरेज’ म्हणायचे, पण नुकसानवाल्या डॅमेजशी त्याचं नातं नाही. जुन्या फ्रेंचमधल्या ‘थांबणं, रेंगाळणं’ या क्रियापदावरून तो आलाय.

शब्द मूळचा जहाजाचा. फेरीसाठी अख्खं जहाज भाड्यानं घेतलं की माल चढवायला-उतरवायला ठरावीक मुदत मिळते, ती लेटाइम. ती उलटली की जहाजमालकाला करारात ठरलेल्या दरानं मोजायचे पैसे म्हणजे डिमरेज. दर आधीच ठरलेला, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा किती झाला हे मालकाला सिद्ध करत बसावं लागत नाही. आणि मेख अशी, की मीटर एकदा पडला की पाऊस, रविवार, सुट्टी, सहसा काहीच वजा होत नाही. मुदतीआधी काम उरकलं तर काही करारांत उलटे पैसे मिळतात, बहुधा निम्म्या दरानं. त्याला डिस्पॅच म्हणतात. विरुद्धार्थी शब्द कुणी विचारला तर हाच सांगा.

कंटेनर आले आणि अर्थ सरकला. भरलेला डबा फुकट मुदतीपलीकडे बंदरात पडून राहिला तर डिमरेज. बंदराबाहेर, म्हणजे तुमच्या पॅकहाउसवर, लाइनचा, म्हणजे जहाज कंपनीचा, डबा अडकला तर डिटेंशन. ग्राउंड रेंट हे निव्वळ जागेचं भाडं, ते यार्डवाल्याच्या खिशात. काही लाइनी पहिले दोन एकत्र करून एकच आकडा लावतात, तेव्हा करारातली व्याख्या आधी बघा. द्राक्षं रीफरमधून, म्हणजे थंड डब्यातून, जाणार, म्हणजे विजेचे प्लगिंगचे पैसे आणखी निराळे!

मालधक्का_बाबू: रेल्वेतलं सांगतो. 1989 च्या रेल्वे कायद्यात दोन्ही व्याख्या आहेत. वॅगन अडकवून ठेवली तर डिमरेज, माल रेल्वेच्या जागेतून वेळेत उचलला नाही तर व्हार्फेज. कांद्याचे व्यापारी दोन्हींना डॅमरेजच म्हणतात. पावती मात्र वेगवेगळी फाटते.

अर्थशास्त्र_वेडा: थोडं अवांतर. अर्थशास्त्रात पैशालाही डिमरेज लागतं! जर्मन अर्थविचारक सिल्व्हिओ गेसेल यांची कल्पना अशी, की नोट दाबून ठेवणाऱ्यानंच आकार भरावा. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावानं मंदीत, 1932 साली ती वापरली. दर महिन्याला नोटेच्या 1 टक्का किमतीचं तिकीट चिकटवायचं, नाहीतर नोट पूर्ण किमतीला चालायची नाही. लोक भराभर खर्च करू लागले. 1933 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं ते बंद पाडलं.

अनुवादिका_नाशिक: धन्यवाद! असं लिहू का: ‘डिमरेज (बंदरातील खोळंबा आकार)’, ‘डिटेंशन (बंदराबाहेरील खोळंबा आकार)’ आणि ‘जागाभाडे’?

जुना_धक्केवाला: ‘खोळंबा’ झकास. जहाजाला, वॅगनला, डब्याला, सगळ्यांना चालतो. फक्त इंग्रजी शब्द पुसू नका, कारण बिल त्याच नावानं येणार. आणि फुकट मुदत कधीपासून मोजायची ते कलमात आहे ना? निर्यातीत डिटेंशनचा काटा साधारणपणे रिकामा डबा डेपोतून उचलल्यापासून फिरतो, माल भरल्यापासून नव्हे. भांडणं तिथेच होतात.