जुन्या ४०७ च्या खिडकीची सुटलेली पट्टी: टेप, पीयू की सोल्यूशन?

वाशिष्ठीकाठ
माझी टाटा ४०७ (छोटा ट्रक) १९९७ ची आहे, चिपळूणहून कलमं-रोपं वाहते. ड्रायव्हरच्या दाराला काचेच्या चौकटीवर काळी रबरी पट्टी चिकटवलेली आहे, ती मागच्या कोपऱ्यात वीतभर सुटलीय. घाट उतरताना फडफडते आणि पाऊस लागला की पाणी आत शिरतं. एका गॅरेजवाल्याने फेविक्विक टाकून दिलं. आठ दिवसांत पट्टी पुन्हा सुटली, वर रंगावर पांढरट भुरकट डाग राहिला तो वेगळाच. माझं म्हणणं, आता पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरून एकदाचं काम संपवावं. नव्या गाड्यांच्या पुढच्या काचा त्यानेच बसवतात, मग एवढीशी पट्टी का नाही धरणार?

पत्राकाम_२२वर्षं
धरेल हो, पण पुढच्या वेळी सुटणार नाही, हीच अडचण आहे. पीयूने बसवलेली पट्टी काढायची तर सुरी घालावी लागते आणि जुना रंग पापुद्र्यासकट निघतो. शिवाय कडेला उघडं राहिलेलं पीयू उन्हात खराब होतं.

अॅक्रिलिक फोमची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी चांगली डबल टेप घ्या. आधी जुना गोंद पूर्ण काढा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन फडक्याने पुसा, कोरडं होऊ द्या. पट्टी ओढून ताणून लावू नका. ताणलेलं रबर हळूहळू आखडतं आणि पहिला कोपराच उघडतो. तुमचा कोपरा असाच सुटलाय असं मला वाटतं. अंगठ्याने इंचाइंचावर दाबत जा. टेपची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर गाडी धुऊ नका.

घाटरस्ता
दादा, तुमचा अनुभव मोठा आहे, पण हे सपाट पत्र्याच्या गाड्यांना ठीक. या दारावर तीनदा रंग चढला असणार, पत्रा लहरी झालेला असणार. टेपला सगळीकडे टेकायला जागा मिळते कुठे? शिवाय हे रबर ईपीडीएमचं (एक प्रकारचं कृत्रिम रबर) असलं तर त्याला टेपच्या प्रायमरशिवाय, म्हणजे आधी लावायच्या पातळ द्रवाशिवाय, टेप नीट धरतच नाही.

फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखं सोल्यूशन, म्हणजे रबरी गोंद, घ्या. दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, १०-१५ मिनिटं थांबा, बोट लावल्यावर चिकटेनासं झालं की मगच बसवा. ओलं असतानाच दाबतात, म्हणून लोकांचं सुटतं. माझ्या पिकअपची पट्टी अशीच लावलीय, दोन पावसाळे गेले.

पत्राकाम_२२वर्षं
प्रायमरचं बरोबर बोललात, ते मी लिहायला हवं होतं. पण वैशाखात पार्किंगला उभ्या दाराच्या पत्र्याला हात लावून बघा. त्या तापात सोल्यूशन मऊ पडतं आणि पट्टी खाली घसरते. अशी दारं माझ्याकडे येतात.

रोजची_फेरी
एवढी चर्चा कशाला, सिलिकॉनची नळी आणायची आणि कडेने ओढायची.

पत्राकाम_२२वर्षं
कळकळीने सांगतो, हे करू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अॅसिड सोडतं, उघडा पत्रा त्याने गंजतो. आणि सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी नंतर रंग धरत नाही, बारीक खड्डे पडतात. ते घासून घालवण्यात पेंटरचा अख्खा दिवस जातो.

सुतळी_आणि_साबण
तुम्ही सगळे गोंदावर भांडताय, पट्टीखाली काय आहे ते कुणी विचारलंच नाही. २५ वर्षांहून जुन्या दारात, तेही कोकणात, पाणी शिरलंय म्हणजे गंज धरला असणार. गंजावर लावलेली कुठलीही टेप गंजाच्या पापुद्र्यालाच चिकटते आणि त्याच्यासकट सुटते. आधी पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, रंगाखालचा प्रायमर मारा, रंग द्या, तो पक्का वाळू द्या.

दुसरं, पट्टी वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर नवी आणा, आखडलेल्या रबराला कुठलाच गोंद लांब करत नाही. आणि खालची कड पूर्ण बंद करू नका. वरून थोडं पाणी शिरणारच, त्याला खालून वाट हवी. पीयूला माझा विरोध त्यासाठीच आहे, आपण सगळं भरून टाकतो आणि दार आतून सडतं.

पुढच्या काचेच्या रबराला तर गोंद नकोच. ते खाचेत सुतळी घालून, साबणाचं पाणी लावून बसतं. तिथे गळत असेल तर रबरच बदला.

वाशिष्ठीकाठ
आज पट्टी सोडवली. कोपऱ्यात रुपयाएवढा गंज निघाला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं तर पत्रा अजून टणक आहे. वाकवल्यावर पट्टीला चिरा दिसल्या, नवी आणतोय. घासून प्रायमर मारलाय, रंग उद्या. तो वाळला की सरळ भागाला टेप लावेन, रबराला तिचा प्रायमर लावून. वळणाच्या कोपऱ्यावर मात्र चार बोटं पीयूच लावणार. तिथे टेप दुमडते, हे मी हातात धरून पाहिलं. खालची कड उघडी ठेवतो.

पत्राकाम_२२वर्षं
कोपऱ्याला चालेल. तिथे मास्किंग टेपने २४ तास बांधून ठेवा. पीयू हवेतल्या दमटपणावर वाळतं, तुमच्याकडे त्याची कमी नाही.