माशांच्या टाकीतला अनुबियास सडतोय, क्रिप्ट विरघळतंय. काय चुकलं?

गप्पीघर: २ फुटी टाकी, साधारण ५४ लिटर पाणी, खाली बारीक रेती. अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन (क्रिप्ट) ही पाण्यातली झाडं लावून १० दिवस झाले. अनुबियासचं खोड मऊ पडलंय, क्रिप्टची पानं चिकट होऊन गळतायत. लाइट १२ तास. काचेवर हिरवा थर. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) घ्यावा लागेल का?

पाणवेल: सीओटू विसरा, या तिन्हींना लागत नाही. अनुबियासचं आडवं जाड खोड रेतीत पुरलंय ना? म्हणूनच सडतंय. उपटा, मऊ भाग धारदार ब्लेडनं कापा, आतलं टणक हिरवं दिसेपर्यंत. उरलेला तुकडा सुती दोऱ्यानं दगडाला बांधा. मुळं रेतीत गेली तरी चालतील, खोड नको. जावा फर्नलाही हेच.

शेवाळशत्रू: काचेवरचा हिरवा थर म्हणजे शेवाळ. लाइट ६ तासांवर आणा, बऱ्यापैकी टायमर लावा. हातानं चालू-बंद कुणाकडूनच नेमानं होत नाही. टाकी खिडकीपाशी असेल तर हलवा. दर आठवड्याला पाव पाणी बदला, नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन काढून.

पाणवेल: क्रिप्ट मात्र उपटू नका! जागा बदलली की ते पानं टाकतंच. गळलेली तेवढी काढा. मुळं पांढरी, घट्ट असतील तर ३-४ आठवड्यांत नवी पानं येतात. रेतीत खत नसतं, मुळाशी एक रूट टॅब (खताची गोळी) खोचा.

गप्पीघर: पानाखाली जेलीसारखे थेंब आहेत, ते?

शेवाळशत्रू: गोगलगायीची अंडी. नखानं खरवडा.