फक्त क्लॅरिनेटचं माउथपीस वाजवताना सूर ताब्यात कसा ठेवायचा?

पिपाणी:
बी फ्लॅट क्लॅरिनेट आहे. माउथपीस सुटं काढून फुंकलं की ट्यूनर पांढरी सात ते काळी एक (पेटीच्या पट्ट्या, म्हणजे बी ते सी शार्प) असा कुठेही भटकतो. आधी एक सूर धरायचाय, मग जमल्यास त्यावरच चार-पाच सुरांची धून. रीड (माउथपीसवर बांधलेली, कंप पावणारी पातळ पट्टी) अडीच नंबर कडकपणाची. नवीन काही विकत घ्यायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कॉर्कग्रीस:
माउथपीस बदला. माझ्याकडे व्हँडोरेनचं बी ४५ आहे, सूर जागचा हलत नाही. रीडही तीन नंबर घ्या.

फुंकर:
शेवटचं वाक्य वाचलंत का? आणि कडक रीडवर नवखा माणूस जबडा आवळून चावतो, मग सूर उलट चढतो.
पिपाणी, आधी हवा कुठून गळते का ते बघा. ओली रीड लावा, खालचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा, हवा ओढून घ्या आणि ओठ काढा. रीड दोन-तीन सेकंद चिकटून राहून मग ‘टप्’ करून सुटली तर ठीक. लगेच सुटली तर रीड वाकडी बसलीय, वाळून तिला लाटा आल्यात किंवा लिगेचर (रीड बांधून ठेवणारा पट्टा) एकाच बाजूला ओढतंय. रीडच्या टोकामागून माउथपीसची काळी कड केसाएवढी दिसायला हवी.

काळी_तीन:
माउथपीसवर डी यायला हवा, पांढरी दोन. तिथूनच गोंधळ आहे.

शुद्धमध्यम:
डी दिसतो तो ट्यूनर बी फ्लॅटवर लावला असेल तर. साध्या सेटिंगला सी, म्हणजे पांढरी एक, साधारण १०४६ हर्ट्झ.
आता मूळ प्रश्न. पूर्ण क्लॅरिनेटमध्ये लांब हवेचा स्तंभ सूर धरून ठेवतो. सुट्या माउथपीसमध्ये तो जेमतेम बोटभर, त्यामुळे ओठ, जीभ आणि घसा जे करतील ते सगळं ऐकू येतं.
सूर पांढरी एकच्या वर जात असेल तर तुम्ही चावताय. खाली पडत असेल तर ओठाचे कोपरे सैल आहेत किंवा हवा कमी पडतेय. माउथपीस तोंडात किती घ्यायचं? रीड आणि माउथपीसच्या मधे पातळ कागद सरकवा. तो जिथे अडतो तिथे खालचा ओठ.
पाच सेंटच्या (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग, त्यातले पाच) आत आठ मात्रा धरता आलं की सूर वाकवा. जबडा न हलवता जीभ ‘ई’वरून ‘ऑ’कडे न्या, शीळ खाली आणताना नेतो तशी. चार मात्रांत पांढरी सातवर या, थांबा, परत वर. मग काळी पाच. खाली ओढायला बरीच जागा असते, वर जवळजवळ नाही. समोर आरसा ठेवा. हनुवटी हलली की ती फेरी बाद. पाच मिनिटं पुरे, पुढे ओठ थकून चावायलाच लागतो.

काळी_तीन:
ट्यूनरचं मान्य. पण बॅरल (माउथपीसखालचा आखूड नळीचा तुकडा) लावून करा, काळी तीन येते आणि कान किटत नाहीत. सुटं माउथपीस म्हणजे नुसता किंचाळा.

फुंकर:
बॅरल लावलं की नळी लांब, सूर आपोआप स्थिर. मग ताबा शिकणार कसा? शुद्धमध्यम यांना +१, जिभेनेच करा.

कॉर्कग्रीस:
+१, जीभ महत्त्वाचीच. पण बी ४५ वर जीभसुद्धा सोपी जाते.

फुंकर:
जीभही विकतच घ्यायची का आता?

तबकडी:
धून हवी असेल तर हात वापरा की. एका हाताने माउथपीस धरा, दुसऱ्याची ओंजळ खालच्या तोंडाशी. उघडी ठेवली तर वरचा सूर, मिटत आणली की खाली उतरतो, पूर्ण मिटली की बंद पडतो. शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये सूर झपकन घसरतो, तिथे सावकाश.

शुद्धमध्यम:
ती गंमत झाली. हाताने सूर उतरतो खरा, पण पूर्ण वाद्यावर गेल्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. जीभच.

फुंकर:
जीभच. शिवाय हाताची सवय लागली की ओठ आळशी होतो.

पिपाणी:
सगळ्यांचे आभार. तळहाताची चाचणी केली, रीड तिरकी बसली होती. सरळ केल्यावर सूर पांढरी एकच्या आसपास राहतोय. ओंजळीने चार सूर आजच निघाले, त्यामुळे धून हातानेच बसवतो. जिभेचं नंतर बघू.

शुद्धमध्यम:
म्हणजे आरसा लिहिला तो वाया.

कॉर्कग्रीस:
रीड सारखी तिरकी बसत असेल तर लिगेचर तरी बदला.